रस्ता रिकामा का दिसतो?

मुंबईचे जुने फोटो तुमच्याही फोनवर येत असतील. आमच्या अर्धापूरच्या ग्रुपवर तर महिन्यातून एकदा तरी येतातच. रुंद रस्ता, मधोमध ट्रामचे रूळ, दगडी इमारत, कोपऱ्यात एखादी घोडागाडी. वर एक ओळ : 'शंभर वर्षांपूर्वीची मुंबई, बघा किती शांत होती.' खाली दहा-बारा अंगठे, आणि कुणीतरी हमखास लिहितं की आता तिथं पाय ठेवायला जागा नाही.

असाच एक फोटो मी माझ्या पीएचडीच्या सादरीकरणात घातला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं पोस्टकार्ड. एका कापड गिरणीचं दार, दारामागे लांबलचक इमारत, उंच धुराडं, समोर रस्ता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाली मी ऐटीत लिहिलं होतं : 'सुनियोजित औद्योगिक परिसर.'

आदल्या संध्याकाळी घरी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले होते, तेवढ्यात शेजारचे आबा आले. आबांनी नांदेडच्या मिलमध्ये बावीस वर्षं काढलीत. निजामाच्या राज्यात उस्मानशाही मिल म्हणून उभी राहिलेली, पुढं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली आणि शेवटी बंद पडलेली ती मिल. त्यांनी चष्मा वर-खाली करत फोटो पाहिला.

"सुट्टी हाय का गं माय तिथं?"

"नाही आबा. फोटोच तसाय."

"मग संप असंल. मिलच्या दारात माणूस न्हाई म्हंजे एक तर संप, न्हाईतर टाळं. तिसरं काही नसतंय."

मी रात्री तो मथळा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी फोटोखाली काहीच न लिहिता सादरीकरण केलं, आणि 'कॅप्शन कुठाय?' म्हणून बोलणीही खाल्ली. पण त्या दिवसापासून औद्योगिक शहराचं कोणतंही जुनं चित्र समोर आलं की मी आधी आबांचाच प्रश्न विचारते : इथं माणूस का नाही? इमारतीची शैली, साल, फोटोग्राफरचं नाव हे सगळं नंतर.

आज तुम्हाला या प्रश्नाची जी उत्तरं मला मिळाली ती सांगते. एकाच दिसणाऱ्या रिकामेपणामागची कारणं अगदी वेगवेगळी आहेत, आणि ती वेगळी काढली नाहीत तर आपण चुकीचा इतिहास साक्षीला उभा करतो. मुंबईचा अभ्यास नांदेडात बसून कशाला, असं बरेच जण विचारतात. कारण सोपं आहे. मुंबईची चित्रं भरपूर आहेत आणि आता त्यातली पुष्कळशी घरबसल्या पाहता येतात. तिथं वाचायला शिकायचं आणि मग आपल्या गावाकडे वळायचं, असा माझा बेत आहे.

पहिलं कारण निव्वळ तांत्रिक, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. सुरुवातीचा कॅमेरा फार मंद होता. काचेवर किंवा कागदावर चित्र उमटायला काही सेकंद, कधी मिनिटंही लागायची. तेवढ्या वेळात जे जागचं हललं ते पुसट व्हायचं किंवा पार गायब. याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दागेर या फ्रेंच माणसानं १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका मोठ्या रस्त्याचं घेतलेलं छायाचित्र. भर वर्दळीचा रस्ता, पण चित्रात तो ओस पडलेला. फक्त कोपऱ्यात एक माणूस दिसतो. तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता, म्हणून उमटला. पॉलिश करणारा त्याच्या पायाशी धूसर दिसतो, कारण त्याचे हात चालू होते. फोटोच्या इतिहासाच्या तासाला ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला ती गंमत वाटत नाही. उभा असलेला गिऱ्हाईक स्पष्ट आणि काम करणारा धूसर, हे पहिल्याच पावलाला झालंय.

मुंबईत फोटो आणि गिरणी एकाच वर्षी आल्या म्हटलं तरी चालेल. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या कापड गिरणीची कंपनी काढली. ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. म्हणजे या शहराचं औद्योगिक होणं पहिल्या दिवसापासून टिपता आलं असतं. पण मंद कॅमेऱ्यापुढं गिरणी चालण्याचा अर्थच शिल्लक राहत नाही. गिरणी म्हणजे हालचाल. भोंगा झाला की आत जाणारी गर्दी, पाळी सुटली की बाहेर पडणारी गर्दी. ती गर्दी काचेवर राहायचीच नाही. इमारत तेवढी राहायची, कारण इमारतीला घाई नसते.

मग त्या काळात माणसांचे फोटो निघालेच नाहीत का? निघाले की. विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरनं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या रहिवाशांवर दोन खंड काढले. त्यात माणसं आहेत, मागे मुंबईच्या जागाही आहेत. पण नीट पाहा. माणसांचे फोटो वेगळे घेतलेत आणि मागचा देखावा वेगळा. दोन्ही जोडून एक चित्र केलंय. पायाखालची जमीन आणि मागची जमीन जुळत नाही, सावल्या जुळत नाहीत. माणसं जाती-जमातीप्रमाणं लावलीत. कोण काय पागोटं घालतो ते कळतं. तो सकाळी कुठल्या दारातून कामाला जातो ते कळत नाही. त्याच्या रस्त्यावर तो चिकटवला गेलाय, रस्त्यावर चालत नाहीये. गटागटानं मांडलेली माणसं एका बाजूला आणि ओस रस्ते दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी मला त्या दशकातल्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसते.

हाताने काढलेल्या चित्रांना तर मंद काचेची अडचण नव्हती. तिथं काय झालं? जे. जे. स्कूलमध्ये १८६५ पासून शिकवणारा जॉन लॉकवुड किपलिंग हा तयारीचा चित्रकार होता. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या दारावरची उठावशिल्पं त्याची. १८७० च्या सुमारास त्यानं सरकारसाठी उत्तर भारतात फिरून कारागिरांची चित्रं काढली : हातमागावरचा विणकर, रंगारी, लाकूड कोरणारा. ती चित्रं सुरेख आहेत, यात वाद नाही. हाताची बोटं, अवजाराची पकड, बसण्याची ढब सगळं त्यात आलंय. पण तो ज्या शहरात राहत होता तिथं तेव्हा गिरण्या वाढत होत्या, आणि गाजली ती दूरच्या हातमागवाल्याची चित्रं. साचेवाला कुणाला चित्राचा विषय वाटला नाही. हातमाग म्हणजे कला आणि साचा म्हणजे नुसतं यंत्र, ही समजूत आपल्यातही किती खोल गेलीय बघा. पैठणी विणणाऱ्याचा फोटो आपण भिंतीवर लावतो, गिरणीतल्या सांधेवाल्याचा लावत नाही.

दुसरं कारण : माणूस नकोच होता.

१८८० नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, कॅमेरा वेगवान झाला. आता गर्दी टिपता येत होती. तरी माझं ते पोस्टकार्ड रिकामंच. म्हणजे फोटो रविवारी घेतलाय, किंवा पाळी चालू असताना घेतलाय, किंवा लोकांना बाजूला सारून घेतलाय. (रविवारची सुट्टी हीसुद्धा आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना गोळा करून केलेल्या मागणीनंतर ती १८९० मध्ये मिळाली. त्यामुळे एखादा फोटो रविवारचा असेल, तर त्या रिकाम्या रस्त्यामागेही कामगारच आहेत.) गिरणीमालकांच्या पत्रांच्या वर छापलेली रेखाचित्रं तुम्ही कधी पाहिली असतील तर आठवा. मँचेस्टर असो की मुंबई, ठरावीक नमुना : पक्ष्यानं वरून पाहावी तशी इमारत, आहे त्यापेक्षा थोडी मोठी, आणि प्रत्येक धुराड्यातून जाड धूर. धूर म्हणजे भरभराट. माणसं काढलीच तर मुंगीएवढी, इमारत केवढी प्रचंड आहे ते कळावं म्हणून. ही चित्रं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ती मालमत्तेची चित्रं आहेत. सातबाऱ्यावर राबणाऱ्या गड्याचं नाव शोधायला जाऊ नये, तसंच हे.

एक गोष्ट मात्र या चित्रांतून छान कळते, ती सांगून पुढं जाते. गिरणीच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं का असतं? दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड करून. आपल्याकडे उत्तरेचा उजेड सौम्य आणि सारखा येतो, ऊन थेट आत येत नाही, सूत तुटलं तर दिसतं. विजेचे दिवे येण्याआधी कामाचा दिवस सूर्यावर चालायचा. दिवे आले आणि दिवस लांबला. १९०५ मध्ये या वाढलेल्या तासांवरून मुंबईत कामगार चिडून बाहेर पडले. म्हणजे त्या दातेरी छपराकडे पाहताना तुम्ही कामगाराच्या दिवसाची लांबी पाहत असता. वास्तुरचनेची पुस्तकं छपराचं कौतुक करतात, तासांचं क्वचितच बोलतात.

आता तिसरं कारण. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात अवघड प्रकरण हेच आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला. पुढच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. घराघरांत झडत्या, रुग्णांना उचलून नेणं, माणसांना छावण्यांत ठेवणं सुरू झालं. या कामाचे फोटो काढून अल्बम केले गेले. त्यातले बरेच लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत आणि कुणालाही पाहता येतात. रुग्णालयांचे तंबू, एका रांगेत उभे केलेले कर्मचारी, घर धुऊन काढणारा पाण्याचा बंब, कौलं काढून वरून उजेड आत सोडलेल्या खोल्या. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवत असत.

मी हे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला राग आला होता. गोऱ्या अधिकाऱ्याची टोपी, समोर घाबरलेली गल्ली. मार्गदर्शकांना मी तसंच लिहून दिलं : ही सत्तेची नजर आहे वगैरे. त्यांनी समासात एवढंच लिहिलं, "बरोबर. आता परत बघ."

परत बघितल्यावर जे दिसलं ते असं. पन्नास वर्षं या शहराचे फोटो निघत होते. मी जेवढी चित्रं पाहिली त्यांत राबणाऱ्या माणसाची गल्ली, त्याच्या खोलीची आतली भिंत, त्याचा जिना, त्याची मोरी पहिल्यांदा नीट फोकसमध्ये येते ती इथं. रोगाचं ठिकाण म्हणून येते, गुन्ह्याच्या पुराव्यासारखी येते, पण येते. देखण्या फोटोवाल्यांनी जी गल्ली पन्नास वर्षं टाळली, ती या सरकारी कॅमेऱ्याला टाळता आली नाही. खिडकी किती लहान होती, दोन घरांत किती अंतर होतं, जिन्याखाली किती माणसं राहत असतील, याचा अंदाज मी आज या फोटोंवरून बांधू शकते. मालकाच्या पोस्टकार्डावरून नाही. मला हे कबूल करायला जड गेलं, पण आता माझं मत ठाम आहे : ज्यांना या वस्त्या आवडत नव्हत्या त्यांची चित्रं, ज्यांना शहर आवडत होतं त्यांच्या चित्रांपेक्षा जास्त खरी निघाली.

आणि या फोटोंतली रिकामी गल्ली? ती मंद काचेमुळे रिकामी नाही आणि फोटोग्राफरच्या आवडीमुळेही नाही. लोक खरंच निघून गेले होते. १८९७ च्या सुरुवातीला शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गावाकडे पांगली होती असं मानतात. गिरण्यांना माणसं मिळेनात. महिन्याचा पगार उशिरा देणारे मालक नाक्यावर उभे राहून रोजच्या रोज मजुरी देऊन माणसं गोळा करू लागले. तुम्हीच विचार करा, एरवी दाराशी बदली कामगारांची रांग असायची आणि आता मालकच नाक्यावर. म्हणजे त्या ओस गल्लीत भीती आहे, पण नुसती भीती नाही. गावाला परत जाता येणं ही त्या माणसाकडची एकुलती एक ताकद होती, आणि ती त्यानं वापरली. अल्बमवाल्यानं टिपली 'मोकळी, धुतलेली गल्ली'. मी तिथं 'गेलेला कामगार' वाचते.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि त्याच्याबरोबर नकाशे. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, नव्या चाळी बांधायच्या. पुढं १९२० नंतर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या : वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यांचा आराखडा पाहिलात तर एका मिनिटात समजतो. मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, मजल्यावर सामायिक नळ आणि संडास. रेषा स्वच्छ, मापं सारखी.

फोटोंपेक्षा मी आराखड्यांवर जास्त विश्वास ठेवते हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल. पण इथं आराखडाही कमी पडतो, आणि कुठं कमी पडतो ते पाहण्यासारखं आहे. त्यात जागा आहे, वेळ नाही. १९२१-२२ मध्ये सरकारच्या कामगार कार्यालयानं मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली, तेव्हा त्यातली सुमारे ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहणारी निघाली. एकट्या पुरुषांचं तर विचारूच नका. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका भिंतीला लावलेल्या. पहिल्या पाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागेवर आडवे. आराखड्यात ती एक खोली आहे. चोवीस तासांत ती तीन खोल्या होते. उरलेली माणसं गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. म्हणजे नकाशात 'रस्ता' म्हणून रिकामी सोडलेली पांढरी पट्टी रात्री बाराला झोपायची खोली असायची. गिरण्यांत त्या दशकात पाचात एक बाई होती. तिची खोली म्हणजे घरही, आणि खानावळ चालवत असेल तर तीस माणसांचं स्वयंपाकघरही. आर्किटेक्टच्या कागदावर चूल एकच.

यासाठी नुसत्या चित्रावर थांबता येत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांशी बोलून केलेलं मौखिक इतिहासाचं पुस्तक २००४ मध्ये आलं. मी ते आराखड्यांशेजारी ठेवून वाचते. एका हाताचं बोट नकाशावर, दुसऱ्या हाताचं पुस्तकातल्या माणसाच्या बोलण्यावर. तेव्हा कुठं ती पांढरी पट्टी भरते.

चौथं कारण आबांनी पहिल्याच क्षणाला सांगितलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही असं आजही म्हणतात. त्या वेळच्या फोटोत बंद दारं आहेत, पोलीस आहेत, समोर मोकळा रस्ता आहे. हे फोटो आणि माझं पोस्टकार्ड शेजारी शेजारी ठेवलं तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. तेच दार, तेच धुराडं, तोच मोकळा रस्ता. एकाखाली आपण 'सुनियोजित' लिहितो, दुसऱ्याखाली 'उद्ध्वस्त'.

एवढं सगळं फोटोच्या मथळ्यासाठी कशाला, असं वाटत असेल तर आता जमिनीकडे या. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमांत बंद गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानानं तीन वाट्यांत विभागणी होती : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे पडणार ते फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचे. शेड, गोदामं उभी होती ती जागा त्यातून बाहेर. शेड पाडली की तीही जागा रिकामीच होते, पण ती मोजायची नाही. शहराच्या आणि घरांच्या वाट्याला चतकोर उरला. उच्च न्यायालयात मालकांविरुद्ध निकाल लागला होता, तो मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फिरवला. रिकामं कशाला म्हणायचं, यावर हजारो घरं अडकली होती. मी जुन्या चित्रांवर हाच प्रश्न विचारत बसते तेव्हा मला तो फार पुस्तकी वाटत नाही.

त्यानंतर आले ते अवशेषांचे फोटो. गंजलेले साचे, फुटक्या काचांतून येणारा तिरपा उजेड, भिंतीतून उगवलेला पिंपळ. सुंदर असतात. मला ते फार वेळ बघवत नाहीत, आणि याचं कारण त्यातलं दुःख हे नाही. हे फोटोही पोस्टकार्डाचंच काम पुढं चालवतात. आधी माणसाशिवाय उभी इमारत, आता माणसाशिवाय पडलेली इमारत. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि धुराडं तसंच ठेवलंय. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात. धुराडं ठेवलं हे चांगलंच झालं, पण त्याच्या बुडाशी कोळसा ओढणाऱ्याची जागा कुठं होती, ते तिथं उभं राहून कळत नाही.

याला उत्तर देणारं एक चित्र सांगायचं तर मी सुधीर पटवर्धनांचं 'लोअर परेल' सांगेन, २००१ चं, म्हणजे नियम बदलला त्याच वर्षीचं. पटवर्धन पेशानं रेडिओलॉजिस्ट; ठाण्यात तीस वर्षं एक्स-रे पाहिले आणि चित्रं काढली. त्यांच्या शहरचित्रांत एकाच जागेवर उभं राहून पाहिलेलं दृश्य नसतं. पुलावरून, गच्चीवरून, रस्त्याच्या पातळीवरून, असं निरनिराळ्या उंचीवरून पाहिलेलं शहर ते एका चित्रात बसवतात. त्यामुळे मालकाच्या पक्षी-नजरेची मिजास जाते. माणूस मापासाठी उभा केलेला नसतो, तो कुठंतरी निघालेला असतो. माझी एक कुरकुर आहे : त्यांच्या काही चित्रांत शहर इतकं भरून येतं की एकट्या माणसाचा चेहरा हरवतो. पण रिकाम्या रस्त्यांच्या दीडशे वर्षांनंतर ही गर्दी मला माफ करावीशी वाटते.

आता परत आबा. सादरीकरणानंतर मी त्यांच्याकडे गेले आणि मिलचा एखादा फोटो आहे का विचारलं. त्यांनी ट्रंकेतून एकच काढला. निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात झेंडूचा हार, आजूबाजूला खात्यातली आठ-नऊ माणसं, मागे चुना लावलेली भिंत. ती कोणतीही भिंत असू शकते. शाळेची, दवाखान्याची. फोटोत मिल कुठंच नाही. एकेकाचं नाव मात्र त्यांनी सांगितलं. कोण धर्माबादचा, कोण मुदखेडचा, कोण त्यानंतर दोनच वर्षांत गेला.

मग मी सिनॉप्सिसचं एक पान उलटं केलं, पेन दिलं आणि म्हटलं, आबा, मिल काढून दाखवा. ते आधी हसले. मग काढत बसले, चांगला अर्धा तास. दार काढलं. दाराला लागून सायकल स्टँड, पलीकडं चहाचं हॉटेल, त्याला चार बाकडी. आत आल्यावर डाव्या हाताला हजेरीची खिडकी, तिथून पुढं पगाराची खिडकी, आणि तिच्यासमोर रेघांची एक लांब रांग; प्रत्येक रेघ म्हणजे एक माणूस. पाण्याची टाकी. त्यांचं खातं एका चौकोनात, त्यात त्यांच्या साच्याच्या जागी फुली. मापं सगळी चुकलेली. चहाचं हॉटेल मिलच्या निम्मं आहे आणि पगाराची खिडकी दारापेक्षा मोठी.

मी दोनदा पाहिलं आणि विचारलं, "आबा, धुराडं राहिलं की."

त्यांनी पान हातात घेऊन निरखलं.

"व्हय की. पण त्येच्याकडं बघायला टाइम कुणाला होता? भोंगा झाला की मान खाली घालून पळायचं."

ते पान मी स्कॅन करून दुसऱ्या प्रकरणात घातलंय, पोस्टकार्डाच्या समोरच्या बाजूला. मार्गदर्शकांनी या वेळीही कॅप्शन मागितलंय. साल लिहिता येतं, कागदाचं माप लिहिता येतं. पुढचं आबांनाच विचारून लिहीन. ते परवा केळीचा ट्रक लावून मोकळे झाले की येतो म्हणालेत.